मधली दोन वर्षं

प्रिय शाईवाल्या,

आधी ओळख सांगते. तुझ्या पहिल्या ऑफिसात खिडकीपाशी बसून दिवसभर टाइपरायटर बडवायची, ती मी. ‘टकटक’ हे नाव तूच ठेवलंस. तुझ्या खिशातलं पेन रोज गळायचं, म्हणून तुझं नाव मी ठेवलं. फिट्टंफाट.

माझी शाळा अर्धवट सुटलेली. टाइपिंग बघून बघून शिकले आणि पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा तोही पडत-झडत शिकले. तू बदली होऊन गेल्यावर काही वर्षांनी स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत मी टाइपिंगचा क्लास काढला. हल्ली टाइपिंगला कुत्रं विचारत नाही. आता येतात पदवी घेतलेली मुलं, मुलाखतीची तयारी करायला. डिग्री हातभर, पण समोर माणूस बसला की टाळूला जीभ चिकटते. मी त्यांना सांगते, बाळांनो, आज शिकलेलं उद्या शिळं होणार आहे, त्याचं रडगाणं गाऊ नका. पुन्हा शिकायची लाज बाळगू नका, समोरच्याचं पुरतं ऐका आणि आपलं म्हणणं त्याला कळेल असं सांगा. एवढं तरी यंत्राच्या आधी आपल्याला जमायला हवं. मुलं माना डोलावतात आणि मोबाइलमध्ये बघतात.

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगी आली. फाइल छातीशी अशी धरलेली, जणू कुणी हिसकावून नेणार. मी साहेबाच्या थाटात विचारलं, पदवीनंतरची ही दोन वर्षं रिकामी का? ती म्हणाली, काही नाही केलं, घरीच होते. इतकं हळू म्हणाली, की मला पंखा बंद करून पुन्हा विचारावं लागलं. पुन्हा तेच, काही नाही. मग तिला अर्जाचं पत्र टाइप करायला दिलं. लिहून झाल्यावर ती ते शेवटच्या शब्दापासून उलटं वाचत पहिल्या शब्दापर्यंत गेली. असं का, म्हटलं. तर म्हणाली, बाबांनी शिकवलंय, सरळ वाचलं की अर्थ पुढे ओढतो आणि डोळा चुका माफ करतो.

हे वाक्य जगात एकच माणूस बोलायचा. तू इथे परत आलायस, हे मला असं कळलं. चहा टाकला आणि साखर दोनदा घातली.

आमच्या क्लासात एक खेळ असतो. मी ढ गिऱ्हाईक होते आणि मुलांनी मला एखादं नवं काम समजावायचं. (ढ व्हायला मला फार कष्ट पडत नाहीत.) एकच प्रश्न मी पुन्हा पुन्हा विचारते. तिसऱ्या खेपेला बाकीच्यांचे आवाज चढतात. तुझ्या लेकीचा चढेना. दर वेळी ती नव्यानं सांगायची, शब्द बदलून, जणू मी पहिल्यांदाच विचारतेय. हे कुठे शिकलीस, म्हटलं. तेव्हा बांध फुटला. म्हणाली, बाबा दिवसभर विचारतात, ऑफिसला उशीर झाला का. मी सांगते, आज सुट्टी आहे. दर वेळी ते पहिल्यांदाच खूश होतात, बाई. आणि आई गेल्यापासून दुसरं कुणी नाही सांगायला.

मी तिला म्हटलं, आणि याला तू ‘काही नाही’ म्हणतेस?

पुढच्या मुलाखतीत तिनं तसंच सांगितलं, मान वर करून. दवाखान्यांत नवी कॉम्प्युटरची पद्धत बसवणारी कंपनी आहे. तिथल्या वयस्क नर्सबाईंना, कारकुनांना न कंटाळता शिकवणारं माणूस त्यांना हवं होतं. तिला घेतलं.

तुझी बदली झाली, तेव्हाचं निरोपाचं पत्र मीच टाइप केलं होतं, साहेबांच्या सहीचं. तू ते माझ्या टेबलाशी उभं राहून उलटं वाचलंस. एकही चूक सापडली नाही. सापडली असती तर पान पुन्हा टाइप होईपर्यंत तरी थांबला असतास. तुझ्या घरी लग्न ठरलं होतं, माझ्या घरी धाकटी भावंडं होती. आपण दोघंही शहाण्यासारखे वागलो. त्या शहाणपणाचं पुढे काय करायचं असतं, ते मात्र मला कुणी शिकवलं नाही, आणि माझी मला शिकता आली नाही अशी तेवढी एकच गोष्ट.

काल तुझी लेक आली आणि नोकरीला नाही म्हणून कळवते म्हणाली. बाबांना कोण बघणार? जाता जाता सहज सांगून गेली, की तुला पत्रं वाचून दाखवलेली आवडतात, कुणाची का असेनात. म्हणून हे लिहिलं. आता पोरी, तू ऐक, कारण हे मोठ्यानं वाचणारी तूच आहेस. सुट्टीचं वाक्य त्याला कळू नये म्हणून तू गाळलं असशील, ठाऊक आहे मला. इतकी वर्षं सांगितलं नाही, ते तुझ्याच तोंडून त्याला ऐकवलं, याचा राग आला तर येऊ दे, पण नाही म्हणून कळवू नकोस. सोमवारपासून सकाळी मी येईन. क्लास दुपारी भरवीन. तो मला ओळखणार नाही. नाही तर नाही. ऑफिसला उशीर झाला का विचारील, तेव्हा मी सांगेन आज सुट्टी आहे, आणि त्याच्याशेजारी बसेन. शाईवाल्या, हे पत्र मी तुझ्या पद्धतीनं उलटं वाचून तपासलं. तसं वाचलं की ‘प्रिय’ अगदी शेवटी येतं.

तुझीच,
टकटक