रुग्णवाहिकेतलं मत

लंडन,
शनिवार, २ मार्च २०१९

प्रिय रॉझ,

तुझं पत्र परवा पोचलं. माझा गुडघा बरा आहे, जिना उतरताना तेवढा कुरकुरतो. तू पाठवलेला प्लम ब्रेड आमच्या प्रतोदांच्या खोलीत दोन तासांत फस्त झाला. माझ्या वाट्याला एक काप आला.

इकडे युरोपीय संघातून बाहेर पडायच्या त्याच कराराचं दळण पुन्हा सुरू आहे. दहा दिवसांत तो दुसऱ्यांदा मताला येईल. सभासद आयर्लंडच्या सीमेबद्दल तासन्‌तास बोलतात, आणि त्यातल्या निम्म्यांनी तो वाचलेला नाही, हे मी पैजेवर सांगतो. सगळी पाचशे पंच्याऐंशी पानं हातात पेन्सिल घेऊन वाचणारा एकच खासदार मला माहीत होता, तुझा नवरा, क्लिफ. तेही अंथरुणाला खिळलेला असताना. "करार काही देखणा नाही," तो मला फोनवर म्हणाला होता, "पण कोबीचा ट्रक घेऊन बंदरावर अडकलेल्या माणसाला देखणेपणाशी काय करायचंय?"

दहा तारखेच्या प्रार्थनासभेत मी क्लिफच्या शेवटच्या मताबद्दल बोलावं, आणि त्या दिवशी कुणी कुठे मत दिलं त्या यादीचं छापील पान घेऊन यावं, म्हणजे तुला ते फ्रेम करता येईल, असं तू लिहिलंस. उत्तर द्यायला मी तीनदा बसलो. दोनदा हवापाण्याबद्दल लिहून कागद फाडले.

आधी एक गोष्ट. जानेवारीत, पहिल्या मतदानाच्या सकाळी, क्लिफला लंडनला आणायला सांगण्यासाठी मी तुला फोन केला तेव्हा तू म्हणालीस, "हेडली, डॉक्टर नको म्हणतायत. खरंच एवढं अडलंय का त्याच्यावाचून?" मी म्हणालो, "एका मताने निकाल लागेल, रॉझ." ते खोटं होतं. आपण मोठ्या फरकाने हरणार, हे सकाळपासून आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या यादीतली माणसं एकेक करून पाठ फिरवत होती. निदान एक नाव तरी पक्कं असावं, एवढाच माझा हट्ट होता. त्यापायी मी मरणाला टेकलेल्या माणसाला साडेतीन तास रस्त्यावर काढायला लावले.

क्लिफ मात्र खुशीत होता. आमची जुनी रीत तुला माहीत आहेच: आजारी सभासदाला मतदानाच्या लॉबीतून चालत जाता येत नसेल, तर त्याने संसदेच्या आवारात असलं पाहिजे, दोन्ही पक्षांच्या प्रतोदांनी तो जिवंत असल्याचं डोळ्यांनी पाहायचं, आणि मग त्याच्या पक्षाच्या प्रतोदाने मतमोजणीच्या दारात त्याचं नाव सांगायचं. विरोधी पक्षाच्या प्रतोद ब्रायनीबाई आवारात उभ्या असलेल्या त्याच्या रुग्णवाहिकेत चढल्या.

"जिवंत आहात ना, क्लिफर्ड?"

"तुमचं भाषण ऐकलं असतं तर सांगता आलं नसतं," तो म्हणाला. त्या हसल्या आणि हसताहसताच त्यांनी डोळे पुसले.

मग मतदानाची घंटा झाली. लॉबीची दारं बंद व्हायला आठ मिनिटं. मी आत धावलो, तर माझ्या यादीतले दोघे, ज्यांनी दुपारी मला शब्द दिला होता, विरोधाच्या लॉबीकडे वळताना दिसले. माझं डोकं फिरलं. मी एकाची बाही धरली, वाद घातला, शिव्याही दिल्या. ते दोघे गेलेच. मोजणीच्या दाराशी पोचलो तेव्हा मोजणी संपून मोजणारे आकडा घेऊन आत चालले होते.

मी क्लिफचं नाव सांगायला विसरलो, रॉझ.

तेव्हाही मोजणाऱ्यांना थांबवून सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. दोनशेहून जास्त मतांनी हरल्यावर एकाने काय होणार, असं मनाशी म्हणालो. खरं म्हणजे सगळ्यांसमोर फजिती होईल म्हणून घाबरलो. बाहेर आलो तर क्लिफने मान उचलून विचारलं, "दिलंस ना नाव?" मी म्हणालो, "दिलं." त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "मग चला घरी. रॉझ वाट बघत असेल." नऊ दिवसांनी तो गेला.

ते छापील पान माझ्यासमोर आहे. त्यावर त्याचं नाव नाही. ब्रायनीबाईंनाही अजून कळलेलं नाही, आणि मी गप्प बसलो असतो तर तुलाही कधी कळलं नसतं. पण तू ते पान भिंतीवर लावशील आणि कुणीतरी पाहुणा कौतुकाने त्यावर नाव शोधेल, हे मला सहन होईना. तू माझ्याबद्दल काय म्हणशील याची भीती वाटते. क्लिफच्या आठवणीसमोर तर त्याहून जास्त लाज वाटते.

शनिवारी दुपारच्या गाडीने येतोय. तू दार उघडलं नाहीस तर गावातल्या लॉजवर उतरेन. पण रविवारी चर्चमध्ये मी बोलणार आहे, आणि जे इथे लिहिलं तेच, सगळ्या गावासमोर, त्याच्या नावाने बोलणार आहे. त्याने कौल दिला होता. तो पोचवायचं काम माझं होतं.

अजून म्हणू देशील तर,
तुझा भाऊ
हेडली