हयात नसलेला ग्राहक

फोनवर नऊ दाबले आहे. पलीकडे सनई लागली आहे. मधूनमधून एक बाई सांगते की माझा फोन त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे. मागच्या वेळी सनई एक्केचाळीस मिनिटे चालली होती. तेवढ्या वेळात हे लिहून होईल.

मी, प्रभुलिंग गुरुसिद्ध हत्तरगी, वय एकाहत्तर, धंदा पाण्याच्या मोटारी रिवाइंड करणे, म्हणजे जळालेल्या मोटारी नव्या तारेने बांधणे, राहणार उद्यमनगर, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्या दडपणाशिवाय लिहीत आहे. मी शुद्धीत आहे. मी हयातही आहे. मृत्युपत्रात हे सहसा वेगळे लिहावे लागत नाही. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यात 'शुद्धीत' या शब्दाआधी 'हयात' हा शब्द माझ्या विनंतीवरून घातला आहे. डॉक्टरांनी आधी नाडी पाहिली, मग लिहिले.

ज्या फोनवर सनई चालू आहे तो ज्ञानू चौगुले यांचा आहे. त्यांचे झेरॉक्सचे दुकान माझ्या दुकानाला लागून आहे. माझा मोबाइल एप्रिलपासून बंद आहे, कारण तो ज्या कंपनीचा आहे तिच्या नोंदीप्रमाणे मी अकरा एप्रिल रोजी वारलो.

कलम एक. दुकानामागच्या तीन खोल्या माझी पत्नी नीलम्मा हिला, ती असेपर्यंत. तिच्यानंतर सून शांभवी हिला. अकरा एप्रिलच्या प्रकारात नीलम्माची चूक नाही. तिला त्याबद्दल कोणी बोलू नये, म्हणून हे कलम पहिले ठेवले आहे.

त्या दिवशी मी एका विहिरीवरची मोटर बघायला गगनबावड्याला गेलो होतो. फोन घरी चार्जिंगला राहिला. तो वाजला आणि नीलम्माने उचलला; मोबाइल कंपनीची मुलगी पत्ता तपासण्यासाठी बोलत होती. तिची मराठी पुण्याकडची. नीलम्माचे माहेर संकेश्वराच्या पलीकडे. मुलीने विचारले, प्रभुलिंग हत्तरगी आहेत का.

"त्येनी गेल्यात."

"अरेरे. कधी?"

"आज सकाळीच की."

"कशाने गेले?"

"एस्टीनं. गगनबावड्याच्या घाटात."

 मुलगी म्हणाली, फार वाईट झाले. नीलम्मा म्हणाली, त्यांचं रोजचंच हाय. कंपनीने हे संभाषण सेवेच्या गुणवत्तेसाठी ध्वनिमुद्रित केले होते. पुढे मला ते ऐकवले. त्यात एकही शब्द खोटा नाही.

संध्याकाळी मी घाटातून परत आलो तेव्हा फोन बंद झाला होता. आठ दिवसांनी सांत्वनाचे पत्र आले. नावाआधी 'कै.' होते. आमच्या समाजात 'लिंगैक्य' म्हणतात. तीही दुरुस्ती मी कंपनीला कळवली आहे.

कलम दोन. पोस्टातली ठेव नीलम्माची. पासबुक पिठाच्या डब्यामागे आहे. ते तिला माहीत आहे. तिला माहीत आहे हे मला माहीत आहे, याची नोंद व्हावी.

कलम तीन. दुकान, बाक, तार गुंडाळायची दोन यंत्रे, वार्निश वाळवायची भट्टी आणि मेगर, म्हणजे मोटारीत शॉक उतरतो की नाही ते सांगणारे हाताने फिरवायचे यंत्र, हे सर्व शांभवीला. माझा मुलगा गुरुपाद २००१ साली काविळीने वारला. त्यानंतर चौथ्या महिन्यात शांभवी बाकावर बसली. पहिल्या आठवड्यात तिने तीन कॉइली उलट्या घातल्या. नंतर एकही नाही. माझ्या उलट्या कॉइली मी कधी मोजल्या नाहीत. गेली तीन वर्षे या दुकानातून बाहेर पडलेली प्रत्येक मोटर तिने बांधलेली आहे. गिऱ्हाइकांना ती मी बांधली असे वाटते. मी त्यांना तसे वाटू दिले. ते बरोबर झाले नाही.

पुतण्या सिद्धलिंग याला माझ्याकडून काही मिळणार नाही. मोटर बांधायला त्याला मीच शिकवले, तेवढे त्याला पोचले आहे. त्याने गावोगावच्या पंपघरांच्या भिंतींवर माझ्या नंबराखाली स्वतःचा नंबर रंगवला. धंद्यात हे चालते. पण मे महिन्यात तो सांगत फिरला की काका वारले, आणि बाईमाणसाकडून मोटर बांधून घेऊ नये, हात बसत नाही. पहिली गोष्ट कंपनीच्या कार्यालयात कळली, असे तो म्हणतो. दुसरी त्याची स्वतःची आहे.

कलम चार. नंबर.

हा नंबर मी २००० साली घेतला. पन्हाळा, कागल आणि गगनबावडा तालुक्यांतल्या एकशे चाळीस पंपघरांच्या भिंतींवर तो मी स्वतः लाल रंगात लिहिला. वर 'मोटर जळाल्यास', खाली नंबर. नाव लिहिले नाही. ज्याची मोटर जळली आहे त्याला नाव वाचायला वेळ नसतो, असे तेव्हा वाटले. माणूस विहिरीवर उभा राहतो, भिंतीकडे बघतो आणि फोन लावतो. दुकान उद्यमनगरात कोणत्या गल्लीत आहे हे त्यातल्या निम्म्यांना माहीत नाही. मोटर जळाली की दुकानातून एक माणूस जातो, ती उतरवून आणतो, दोन दिवसांनी बसवून येतो. मी नसताना शांभवीकडे काम येण्याची ही एकच वाट आहे. तिला दुकान दिले आणि नंबर दिला नाही, तर नुसत्या चार भिंती दिल्या असे होईल.

म्हणून नंबर शांभवीला.

राजारामपुरीतल्या कंपनीच्या कार्यालयात मी सात वेळा गेलो. दर वेळी टोकन घेतले. काउंटरवरची मुलगी माझ्याकडे बघून हसायची आणि संगणकाच्या पडद्याकडे बघून गंभीर व्हायची. मी बँकेतून हयातीचा दाखला आणून दिला. त्यांनी तो परत केला. मृत ग्राहकाकडून कागद स्वीकारता येत नाहीत, वारसाने यावे, असे सांगितले. शांभवी गेली. तिला पंधरा मे तारखेचे पत्र दिले. नंबर वारसासाठी नव्वद दिवस राखून ठेवला आहे. तेवढ्या मुदतीत मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला आणि दहनाची पावती आणावी. नंतर नंबर दुसऱ्या ग्राहकाला जाईल.

दहनाबद्दल मी कळवले की आमच्यात दहन नाही, बसवून पुरतात. त्यांनी त्या रकान्यात 'लागू नाही' लिहिले. एवढे एक काम पहिल्या फेरीत झाले.

मृत्यूचा दाखला मागायला महापालिकेत गेलो. कारकुनांनी विचारले, कुणाचा. मी म्हणालो, माझा. ते म्हणाले, बसा, वेळ लागंल.

राहिले मृत्युपत्र. कंपनीने मागितलेल्या कागदांपैकी जिवंत माणसाला करता येण्यासारखा तो एकच आहे.

येथे लिहिणे थांबवावे लागले. कोडोलीचे हंबीरराव पाटील साडेसात हॉर्सपॉवरची मोटर टेंपोत घालून आले. ते सकाळपासून उद्यमनगरात दुकान शोधत होते. दारातच उभे राहून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"फोन लावला तर बाई म्हनती, हा नंबर अस्तित्वात न्हाय. म्हटलं, मानूस तरी हाय का बघून यावं."

मी म्हणालो, आहे. ते बसले. काय लिहिताय, विचारले. मृत्युपत्र, म्हणालो.

"तुमचं की फोनचं?"

त्यांना चहा सांगितला. शांभवीने मोटर खोलली. हंबीरराव तिच्या हातांकडे बघत बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, गेल्या साली महापुरात बुडालेली आमची मोटर कुणी बांधली होती. मी म्हणालो, हिने. ते म्हणाले, मग आधी का न्हाय सांगितलं? शांभवी मोटारीसाठी तार आणायला बाहेर गेली.

सनई थांबली आहे. पुढील संभाषण ज्ञानूंनी स्पीकर लावल्यामुळे त्यांनी आणि हंबीररावांनी, म्हणजे दोन्ही साक्षीदारांनी, ऐकले आहे.

मुलीने स्वतःचे नाव सुष्मिता असे सांगितले. मी माझे सांगितले. कळा दाबल्याचा आवाज आला.

"सर, सिस्टीममध्ये तुम्ही हयात नाही आहात."

"मग आत्ता कोण बोलतंय?"

"ते सिस्टीमला कळत नाही, सर." मग आवाज बारीक करून म्हणाली, "मला कळतं."

नोंद बदलता येईल का, असे मी विचारले. ती म्हणाली, मृत हा पर्याय निवडला की पुढे दुसरा पर्यायच उघडत नाही. तिने दोनदा करून पाहिले. तिच्या वरच्यांनाही ते उघडत नाही. मृत्युपत्र दिले तर नंबर सुनेला मिळेल का, असे विचारले. ती म्हणाली, सोबत मृत्यूचा दाखला लागेल. तेरा ऑगस्टपर्यंत. मी विचारले, त्याआधी दाखला आणला तर? ती म्हणाली, तर चोवीस तासांत नंबर सूनबाईंच्या नावावर होईल, याची खात्री देते. मग आणखी काही मदत हवी आहे का, असे विचारले. तसे विचारणे तिला बंधनकारक असावे.

उत्तर हंबीररावांनी फोनकडे वाकून दिले. "पोरी, मानूस मरायची काय सोय हाय का तुमच्यात?"

मुलीला हसू आले असावे. फोन बंद झाला.

कलम पाच. माझ्या हृदयाच्या दोन वाहिन्या बंद आहेत. डॉक्टरांनी बायपास याच महिन्यात करायला सांगितली आहे. न केल्यास ते तीन महिन्यांची खात्री देत नाहीत. सव्वीस जूनची तारीख मिळाली होती. वरील संभाषणानंतर लगेच त्याच फोनवरून ती मी रद्द केली. दवाखान्यात पहिल्याच रिंगला फोन उचलला.

तेरा ऑगस्टला रविवार आहे. कंपनीचे कार्यालय बंद असते. म्हणून मुदत बारा धरावी. तोपर्यंत मला कोणी दवाखान्यात नेऊ नये. या काळात माझे काही झाल्यास मृत्यूचा दाखला त्याच दिवशी मागावा. महापालिकेतले कारकून आता ओळखीचे आहेत. दाखला, हे मृत्युपत्र आणि कंपनीचे पत्र घेऊन शांभवीने राजारामपुरीत जावे. बारानंतर मी असलो तर शस्त्रक्रियेचे पाहू.

मी कंटाळलेलो नाही. मला कोणी तसे समजू नये. ज्या दिवशी मी नसेन, त्या दिवसापासून शांभवीला फोन यावेत एवढीच माझी इच्छा आहे. कंपनीने यासाठी एकच रस्ता ठेवला आहे आणि त्याला मुदत घातली आहे. मी फक्त तारखा जुळवत आहे.

हे कलम लिहिताना ज्ञानू मागून वाचत होते.  ते झेरॉक्स मशीनचे झाकण उघडे टाकून बाहेर गेले. अर्ध्या तासाने सहीसाठी परत आले.

कलम सहा. मला रुद्रभूमीत रीतीप्रमाणे बसवावे. भाषणे नकोत. सिद्धलिंगाने यावे. येताना रंगाचा डबा आणू नये.

कलम सात. कंपनीविरुद्ध ग्राहक मंचात जाऊ नये. ज्ञानूंनी चौकशी केली आहे. तक्रार ग्राहकाने स्वतः करावी लागते आणि कंपनीचे वकील पहिल्याच तारखेला विचारतील, ग्राहक कुठे आहे. पडद्यावर बघून विचारतील. जी मुलगी अकरा एप्रिलला बोलली तिलाही दोष देऊ नये. तिने जे ऐकले ते लिहिले.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हे मी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले. कलम पाच त्यांना मान्य नाही. सही माझी आहे आणि ती त्यांच्यासमोर झाली, एवढ्यापुरती त्यांनी साक्ष घातली आहे.

सही: प्रभुलिंग गुरुसिद्ध हत्तरगी

साक्षीदार:
१. ज्ञानू केरबा चौगुले, झेरॉक्स, उद्यमनगर
२. हंबीरराव जोतीराम पाटील, शेती, कोडोली, ता. पन्हाळा

कोल्हापूर, मंगळवार, ६ जून २००६

ता. ७ जून. ज्ञानू काल बाहेर गेले तेव्हाच त्यांनी कलम पाच शांभवीच्या कानावर घातले होते. संध्याकाळी तिने त्यांच्याबरोबर जाऊन दुसऱ्या कंपनीचा नंबर स्वतःच्या नावावर घेतला. मला सांगितले नाही. आज सकाळी सहाला ती लाल रंग, चुना आणि दोन ब्रश पिशवीत भरत होती. मी विचारले, हे काय.

"मामा, नंबर कंपनीचा हाय. भिंती कंपनीच्या न्हाईत."

एकशे चाळीस भिंती आहेत, असे मी म्हणालो. यादी द्या, म्हणाली. यादी दिली. ती सातच्या गाडीने कोडोलीला गेली. हंबीररावांच्या पंपघरावर तिने जुन्या नंबरावर चुना मारला. वर स्वतःचे नाव लिहिले, खाली नवा नंबर. सिद्धलिंगाचा नंबर होता तसा ठेवला. नऊ वाजता हंबीररावांनी ज्ञानूंच्या फोनवर हे कळवले. कलम चार आणि पाच मी खोडली आणि खोडलेल्या जागी सही केली. साडेदहाला नीलम्मा मला घेऊन दवाखान्यात गेली. सव्वीस तारीख दुसऱ्याला दिली होती. अठ्ठावीस मिळाली.