आधी एक रुपया

८ डिसेंबर, सोमवार. चहानंतर.
मनस्वीच्या लग्नाच्या हॉलचे आपल्या वाटणीचे दोन लाख शनिवारपर्यंत मारोतीरावांच्या खात्यात जायला हवेत. मारोतीराव म्हणजे आमचे होणारे व्याही, वाशीला राहतात. शनिवारी पूर्ण पैसे नाहीत, तर हॉलवाला तारीख दुसऱ्याला देणार. फेब्रुवारीतल्या त्या एका मुहूर्तावर अख्खी नवी मुंबई लग्न करतेय.

दिपेश म्हणाला, बाबा, तुमच्या मोबाइलवरून मी पाठवतो, टेन्शन नका घेऊ. मी म्हटलं, नात माझी, पैसे माझे, पाठवणार मी. मुलगा इंजिनियर आहे, पण बटण दाबायच्या आधी विचार करत नाही. मी सातवी शिकून तळोज्याच्या कंपनीत बॉयलर सांभाळला. तपासल्याशिवाय एक वॉल्व उघडला नाही. पैसे म्हणजे वाफच. सुटली की सुटली.

संकल्प : घाई नाही. विश्वास नाही. आधी एक रुपया पाठवून बघायचा.

९ डिसेंबर, मंगळवार.
बँकेत जाऊन आलो. काउंटरवरची अक्षता मॅडम म्हणाली, आजोबा, खाते नंबर टाकला की खातेदाराचं नाव स्क्रीनवर दिसतं, ते जुळलं की पाठवा, रुपयाची गरज नाही. मी म्हटलं, पोरी, गेजचा काटासुद्धा खोटं बोलतो. मागे रांग लागली होती, म्हणून जास्त शिकवलं नाही.

दुपारी मारोतीरावांना एक रुपया रवाना. फोन केला, उचलला नाही. दुकानात असतील.

संध्याकाळी. माझ्या खात्यात एकावन्न रुपये जमा! पाठवणारी : गीतांजली काहीतरी. अशी कोणी बाई माझ्या ओळखीत नाही. सगुणाला विचारणार होतो, नाही विचारलं. बायकोसमोर परक्या बाईचं नाव काढायची एक वेळ असते, आणि ती कधीच येत नाही.

१० डिसेंबर, बुधवार.
कट्ट्यावर सगळ्यांना सावध केलं. चोर आधी थोडे पैसे टाकतात, विश्वास बसवतात, मग खातं साफ करतात. भैरू म्हणाला, मला तर कोनी टाकीत नाय, असं चोर भेटतान खंय? अडाणी माणूस.

खात्रीसाठी व्याह्यांना दुसरा रुपया. तासाभरात गीतांजलीकडून एकशे एक. भाव चढला!

विचार केला. मी रुपया सोडतो मारोतीरावांकडे, काटा हलतो गीतांजलीकडे. म्हणजे गळती मारोतीरावांच्याच खात्यात. बिचाऱ्यांना पत्ताही नाही. एवढं दिपेशच्या डिग्रीला सुचलं नसतं.

शेवटी मारोतीरावांचा फोन लागला. म्हणाले, मिळाले मिळाले, घरात सगळे हसत होते, बाकीचे कधी? आवाज तोच, पण आवाजाचीही हल्ली नक्कल होते. विचारलं, खरे मारोतीराव असाल तर सांगा, साखरपुड्याला गोड काय होतं? म्हणाले, मला शुगर आहे, मी तिकडे बघितलंच नाही.

उत्तर टाळलं. नोंद केली.

११ डिसेंबर, गुरुवार.
विजयाचा दिवस. अनोळखी नंबर, बाईचा आवाज. मी गीतांजली, तुमचा रुपया पोचला, बाकीचे कधी... पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, बाई, मी शिरवण्याचा आहे. खाडीच्या पाण्यात वाढलोय, तुझ्यासारख्या डझनाने विकतो. म्हाताऱ्यांना लुबाडताना लाज वाटत नाही? आईबापांनी हेच शिकवलं? पुन्हा फोन केलास तर पोलीस घेऊन दारात येईन! ती म्हणाली, अहो भाऊ, ऐका तर. भाऊ म्हणते! नंबर ब्लॉक.

जेवताना एक भाकरी जास्त गेली. सगुणा म्हणाली, आज सूर्य खंयशी उगवला?

मग सायबर हेल्पलाइनला फोन. पलीकडच्या मुलाने विचारलं, किती गेले? दोन रुपये. आले किती? एकशे बावन्न. मग म्हणाला, काका, घरात दुसरं कोणी आहे का?

यंत्रणा झोपलेली आहे. सगळं आपणच बघायचं.

१२ डिसेंबर, शुक्रवार.
सगुणा भडकली. म्हणाली, जल्ला तो तुमचा रुपया! पोरीचं लगीन हाय, बॉयलर नाय! उद्या हॉल गेला तं लोकांना तोंड दाखवनार हाव काय? मी शांतपणे सांगितलं, उद्या सकाळी दोन लाख जाणार. शब्द म्हणजे शब्द.

पण तोवर ती टोळी गप्प बसेल? अ‍ॅपमध्ये खाली एक भारी बटण सापडलं. डेबिट फ्रीझ. दाबलं. आता खात्यातून कुणीही काही काढू शकणार नाही. मुख्य वॉल्व बंद. निश्चिंत.

१३ डिसेंबर, शनिवार.
खात्यातून कुणीही काही काढू शकत नाही. मीसुद्धा.

अ‍ॅप म्हणतं, फ्रीझ उठवायला आधार, पॅन घेऊन शाखेत या. रिक्षा केली. शटर बंद. वॉचमन म्हणाला, बाबा, दुसरा शनिवार, आता सोमवारी. दुसरा शनिवार या महिन्यातही यावा, हे आधी कुणी सांगितलं नाही.

घरी दिपेश मित्रांना फोन लावतोय. पन्नास हजारांवर गाडी अडली. मनस्वी आतून आली, डोळे लाल. म्हणाली, आजोबा, राहू दे, आणि पाण्याचा ग्लास दिला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुपारी मारोतीरावांचा फोन. दिपेशने स्पीकरवर घेतला. हॉलचे पैसे भरले, पूर्ण. तुमची वाटणी गीतांजलीने घातली, म्हणाले. मी झेप घेऊन ओरडलो, मारोतीराव, त्या बाईपासून सावध राहा!

पलीकडे कुणीतरी खुदकन हसलं. दिपेशने फोन बंद केला.

सगुणा म्हणाली, अवो, गीतांजली म्हंजे आपली विहीनबाय! माना इचारलं असतं तं?

साखरपुडा झाला, पंगती उठल्या, मी दहा वेळा विहीणबाई, विहीणबाई म्हटलं. त्यांना नाव असेल हे डोक्यात आलंच नाही. त्यांना वाटलं, व्याह्यांनी शकुनाचा रुपया पाठवला, म्हणून त्यांनी मानाचे पैसे उलट पाठवले. गुरुवारचा फोन हॉलसाठी होता.

गुरुवारचा फोन. देवा.

१४ डिसेंबर, रविवार.
विहीणबाई स्वतः आल्या. मी आतल्या खोलीत आधार कार्ड शोधत होतो. तसं ते खिशातच होतं. सगुणाने हाक मारून बाहेर काढलं.

विहीणबाईंनी सगळ्यांसमोर माझ्या हातावर रुपयाचं नाणं ठेवलं. म्हणाल्या, भाऊ, आधी टेस्ट. पोचला का?

पोचला, म्हटलं.

मग आता बाकीचं पाठवते, म्हणाल्या, आणि माझं गुरुवारचं भाषण हातवारे करून म्हणून दाखवलं. खाडी, डझन, आईबाप, काही सुटलं नाही. शाळेत शिकवतात, पाठांतर पक्कं. मनस्वी हसून हसून जमिनीवर बसली. सगळ्यात मोठ्याने हसली ती सगुणा.

पोलीस घेऊन दारात येईन, इथे त्या थांबल्या. म्हणाल्या, पोलीस राहू द्या. आमची मनस्वी घेऊन या.

उद्या बँकेत दिपेश येणार आहे बरोबर. रुपया देव्हाऱ्यात ठेवला. मोबाइल सगुणाकडे आहे.