ह्यांचं रडणं

४ मार्च
आज ह्यांना दवाखान्यातून घरी आणलं. पलंगावर निजवलं, मी समोर आले, तर माझ्याकडे बघून ढसाढसा रडले! सदतीस वर्षांत ह्या माणसाच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. माझे वडील गेले तेव्हा मलाच म्हणाले होते, "रडून बंद लिफ्ट चालू होते का?" लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, दुसरं काय बोलणार! आता उजवी बाजू गेली, वाचा गेली. पण मी दिसले की रडतात. वाईट वाटायला हवं. मला बरं वाटलं.

९ मार्च
दिवसातून सात-आठ वेळा. "अहो, मी आहे ना," म्हणत हात धरून बसते. आयुष्यात एवढा वेळ जवळ बसू दिलं नव्हतं.

१५ मार्च
मीटर बघायला माणूस आला. त्याच्याकडे बघूनही रडले. तस्सेच! संध्याकाळी टीव्हीवरच्या साबणाच्या जाहिरातीला.

१८ मार्च
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, ते दुःखाचं रडणं नाही. भावनांच्या जागा मेंदूत वर. चेहरा आणि श्वास हलवणारी जागा खाली, मेंदूच्या देठात. मधल्या तारा दुखावल्यात. जरा काही झालं की खालून रडू सुटतं."
"म्हणजे ब्रेक गेला," मी म्हटलं.
"अगदी बरोबर!"
काय डोंबलाचं बरोबर! गोळी दिलीय, रोज सकाळी एक. लेक म्हणते, "आई, मनाला लावून घेऊ नकोस." मी इतके दिवस कुणाचे डोळे पुसत होते मग?

२ एप्रिल
रडणं थांबलं. सगळे खूश. मी खोलीत जाते, हे बघतात, पुन्हा भिंतीकडे तोंड. मी बायको आहे की कपाट!

१० एप्रिल
आठवडा झाला, गोळी दिली नाही. रोज एक काढते आणि शिवणाच्या डब्यात टाकते. आज चहा घेऊन गेले आणि हे रडले. मी हात धरून बसले. पोटभर जेवल्यासारखं वाटलं. शी! काय बाई आहे मी. उद्यापासून देईन.

११ एप्रिल
नाही दिली.

१३ एप्रिल
बोलायला शिकवणारी मुलगी आज पहिल्यांदा आली. अक्षरांचा तक्ता पुढ्यात धरून म्हणाली, "काका, काकूंना काय सांगायचंय? डाव्या बोटाने दाखवा." हे रडत होते. रडता रडता एकेक अक्षर दाखवत गेले, तिने मोठ्याने वाचलं —
"गोळी दे. तुझ्यासमोर लाज वाटते."