हळदीवर चाललेलं इंजिन

बा, तुझ्या इंजिनचा ब्लॉक नागपूरला धुवायला पाठवला होता, त्याचा खर्च आधी सांगतो. मजुरी काही फार नाही. मिस्त्री ओळखीचा, त्याने घेतले त्यात चार माणसांचं जेवणही धड झालं नसतं. नेणं-आणणं आपल्याच ट्रकमध्ये, तांदळाच्या पोत्यांच्या आडोशाला, म्हणजे फुकटच. खरा खर्च वेगळा आहे. त्या धुण्यात इंजिनच गेलं. तू गेल्यावर इतकी वर्षं ते धान कांडायच्या हलरच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली निमूट बसून होतं, कोणाचं काही बिघडवत नव्हतं. मी त्याला स्वच्छ करायला गेलो आणि मारून आणलं.

तुला मागचं काहीच ठाऊक नाही, म्हणून थोडं सांगतो. आरमोरीत आता माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, ट्रक आहेत, आणि गडचिरोली वेगळा जिल्हा झाल्यापासून साहेब लोकांच्या जीपाही माझ्याच दारात उभ्या असतात. लोक मला शेठ म्हणतात. तू असतास तर हसला असतास. हे सगळं उभं राहिलं ते कानावर. आणि कान तू दिलास, तेही मडक्याच्या दुकानात.

तो दिवस मला समोर दिसतो. आरमोरीचा बाजार भरला आहे, तू कुंभाराच्या पुढे उकिडवा बसला आहेस, आणि एकेक मडकं उचलून बोटाच्या पेराने टिचकी मारतो आहेस. कुंभार वैतागतो. "किती वाजवून राह्यला रे डायवर? तबला घ्याचा हाये का मडकं?" तू मान वर न करता म्हणतोस, "फुटका तबला बी घरी नेत नाई मी." मग एक मडकं माझ्या कानाशी धरतोस. खणखणीत. दुसरं धरतोस. बद्द. "पाहून दिसत नाई ते वाजवून कळते," एवढंच म्हणतोस. त्या एका वाक्यावर मी जंगल खात्याच्या लिलावात मोडके ट्रक घेतले. बाकीचे लोक रंग बघायचे, टायर बघायचे; मी हातोडीने हळूच इंजिनच्या बीडाला, ओतीव लोखंडाला, टिचकी मारायचो. नागपूरचे भंगारवाले अजूनही मला येताना पाहिलं की आपसांत म्हणतात, आला रे कानवाला.

यंदा शेड पाडून तिथे गोदाम बांधायचं ठरवलं. ताडपत्री काढली. आत कोंबडीने अंडी घातली होती, बाकी इंजिन जसंच्या तसं. सवयीने ब्लॉकला टिचकी मारली. बद्द आवाज आला. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण वाटलं, इतक्या वर्षांचा गाळ आणि गंज आत बसला आहे, आवाज कसा निघणार? म्हटलं, धुऊन घेऊ, बोअर करून घेऊ, हलरला नाही तर नाही, नुसतं ओट्यावर बसवून एकदा चालू करू. एकदा चालू झालं की मग विकलं तरी माझी हरकत नव्हती.

मिस्त्रीने ब्लॉक कॉस्टिक सोड्याच्या टाकीत उकळला. परत आला तेव्हा इतका लखलखीत की गड्यांनी हात लावायला नको म्हणून फडक्यात धरून उतरवला. मी पाणी भरून पाहिलं. दोन सिलिंडरच्या मधून एक ओली रेघ उमटली, खाली सरकली, आणि टपटप गळायला लागली. ट्रकसोबत मिस्त्रीचा माणूस आला होता, तो म्हणाला, "शेठ, टाकीत पिवळा गाळ निघाला, बादलीभर. वास घेतला तर हळद."

घरी येऊन मायला सांगितलं. ती चुलीपुढे मिरच्यांची देठं खुडत होती. म्हातारी आता कमरेत वाकली आहे, पण जीभ सरळ आहे. म्हणाली, "मंग काय असन? हळदच होती ते. तुह्या बापानं माह्या डब्यातली हळद त्या मशीनले पाजली. मी पांढरं वरण रांधो, तं शेजारची विचारे, घरी कोन बिमार हाये बाई?" मी म्हटलं, मला कसं कोणी सांगितलं नाही? तर म्हणते, "तू विचारलं काऊन नाई?"

मग तिने नदीची गोष्ट सांगितली. तू ज्याचा ड्रायव्हर होतास त्या मालगुजाराची, म्हणजे जमीनदाराची, विलायती गाडी घेऊन तू वैनगंगेच्या पात्रातून चालला होतास. मागे मालक, पलीकडे लग्न. चाकं रेतीत रुतली, इंजिन तापून वाफा सोडायला लागलं. तू म्हणालास, "मालक, थोडं थंड होऊ द्या." मालक म्हणाला, "तिकडं लगीन थंड होऊन राह्यलं. ओत पाणी." तू ओतलंस. नदीचं गार पाणी, लाल झालेलं बीड. तडा गेल्याचा आवाज तू ऐकला असशील, तुझ्यासारख्या माणसाने ऐकलाच असणार, पण मालकाला काही बोलला नाहीस. तडा बुजावा म्हणून रेडिएटरमध्ये हळद टाकून गाडी लग्नाला पोचवलीस, आणि पुढे टाकतच राहिलास. छप्पन साली चांद्याहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलास. त्याआधी दर दसऱ्याला तूच त्या गाडीच्या चाकाखाली नारळ ठेवायचास. पुढच्या दसऱ्याला मालकाला म्हणालास, "गाडी धुऊन देतो. पूजा तुमची तुम्ही करा." मालक रागावला नाही, पण पुढच्या साली जीप आली आणि जीपवर दुसरा माणूस आला. जुनी गाडी गोठ्यात गेली. तू बाकीचं काही न मागता फक्त इंजिन मागितलंस. मालकाने हसून दिलं. त्याला वाटलं आपण भंगार देऊन मोकळे झालो. आणि तुला तर नक्की माहीत होतं की भंगारच आहे.

त्याच भंगारावर तू हलर चालवलास. पेट्रोलवर चालू करायचं, तापलं की रॉकेलवर न्यायचं, आणि थंड ठेवायला पाण्याचा ड्रम. ड्रममधलं पाणी पिवळं दिसायचं. धान घेऊन आलेले लोक विचारायचे, तर तू म्हणायचास, "इंजिनाले कावीळ झाली." हे वाक्य गावात अजून सांगतात. मीही कित्येकदा सांगितलं आहे, हसत, काहीही न कळता. आता मला वाटतं की तू थट्टेच्या आड खरं तेच सांगत होतास, आणि एवढ्या कानांच्या गावात ते कोणाच्या कानी पडलं नाही.

मला तुझं उन्हाळ्यातलं इंजिन आठवतं. सगळं खोललेलं, पोत्यावर मांडलेलं, मी रॉकेलच्या तसराळ्यात वॉशर धुतो आहे. एकदा मी नट जमिनीवर ठेवला. तू ओरडला नाहीस. नट उचललास, फुंकलास, माझ्या तळहातावर ठेवलास आणि म्हणालास, "मातीले तोंड नाई, पन दात आहेत." आजही दुकानात कोणी नट खाली ठेवला की मी हेच म्हणतो. पोरांना वाटतं शेठ फार विचार करून बोलतो.

बा, मी हात-पाय मारले नाहीत असं समजू नको. ब्लॉक भट्टीत तापवून वेल्डिंग करवलं. जोडाच्या शेजारून नवा तडा गेला. चांद्याला कोळसा खाणीच्या वर्कशॉपात ओळख काढली. तिथला फोरमन म्हणाला, "याच्यावर फळी टाका आन् चहा प्या." पुन्हा हळद टाकून पाहिली, तीसुद्धा पाणी गरम करून, मायच्या डब्यातली. माय दारातून बघत होती. म्हणाली, "त्याच्या हाताले धरे ते. तुह्या हाताले नाई धरत." पिवळं पाणी माझ्या पायावरून वाहत गेलं. बाजारात मी कोणालाही दोन शब्दांत वळवतो, पण बीडाशी काय बोलणार?

अशात मालगुजाराचा नातू आला. नागपूरला डॉक्टर आहे, जुन्या गाड्यांचा नाद. गोठ्यातली ती गाडी त्याने नेली, पत्रा ठोकून घेतला, गादी शिवून घेतली. आता पुढचं झाकण उघडलं की आत पोकळी. म्हणाला, "भाऊ, तशाच एका मोडक्या गाडीचा ब्लॉक मला मिळाला आहे, बिनतड्याचा. पण आतलं काहीच नाही. तुमच्याकडे हेड आहे, क्रँक आहे, कार्बोरेटर आहे. दोन्ही मिळून एक होईल." मी म्हटलं, मग तो ब्लॉक मलाच विका. तो हसला. "मग माझी गाडी कशावर चालेल?"

माणूस भला आहे, हीच अडचण. आजोबासारखा असता तर मी एका वाक्यात वाटेला लावला असता. चहा आला तर त्याने आमच्याच कपातून घेतला आणि कप स्वतः विसळायला उठला. म्हणाला, "पहिल्यांदा चालू करू तेव्हा तुमच्या आईंना मागच्या सीटवर बसवू." तू वर्षानुवर्षं ती सीट पुसलीस, आणि माय त्या गाडीच्या सावलीतसुद्धा उभी राहिली नव्हती. मी तिला आत जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "आता बसून कुठी जाऊ? दवाखान्यात? देऊन टाक त्याले. तो तं गेला, लोखंड काऊन राखून राह्यला?"

नदीतल्या पाण्याचं मी नातवाला सांगितलं नाही. जिभेवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर त्याने माफी मागितली असती, आणि ती घेऊन मी कुठे ठेवणार होतो?

मग त्याने ते विचारलं. "भाऊ, गाडी बंद पडली तेव्हा माझा जन्म पण नव्हता. मूळ आवाज कसा होता हे सांगणारं आमच्याकडे कोणी नाही. चालू करताना तुम्ही समोर पाहिजे. तुम्ही बरोबर म्हणाल तेव्हाच मी बरोबर समजेन." दुकानात चार गिऱ्हाईकं बसली होती. मी मांडीवर थाप मारली. म्हटलं, डॉक्टरसाहेब, त्या इंजिनचा आवाज ओळखणारा या तालुक्यात एकच माणूस उरला आहे आणि तो तुमच्यापुढे बसला आहे. डोळे बांधा, शंभर इंजिनांतून काढून देतो. आणि तोंडाने करून दाखवला, थांबत, दम घेत, मध्येच एक ठोका चुकवत. गिऱ्हाईकं हसली. डॉक्टर इतका खूष झाला की पुन्हा करायला लावला. आत माय खोकलली.

सोमवारी तो टेम्पो घेऊन येतो आहे. मी हो म्हटलेलं नाही, नाही म्हटलेलं नाही. दिलं तर तुझं इंजिन चालेल, पण त्यांच्या गाडीत, दुसऱ्याच्या ब्लॉकमध्ये. आणि नाही दिलं तर कधीच चालणार नाही. कागद पोराच्या वहीतला घेतला आहे, तो घडी करून तिथेच ठेवून देईन, तुला कुठे पाठवणार? पण डॉक्टरला जे सांगता आलं नाही ते तुला सांगतो. तू गाडी चालवायचास तेव्हा नदीपलीकडच्या गावात असायचास, ती गाडी आपल्या वस्तीत कधी आली नाही. हलर सुरू झाला तेव्हा तू मला चांद्याच्या वसतिगृहात टाकलंस. दिवाळीला यायचो तेव्हा धान शेतात उभं असायचं, उन्हाळ्यात यायचो तेव्हा कांडण संपून तू इंजिन खोललेलं असायचं. तू गेलास आणि मी भाड्याचं डिझेल इंजिन आणून हलरला लावलं. दुकानात तोंडाने काढून दाखवला तो आवाज त्याचा. तुझं इंजिन चालताना मी एकदाही ऐकलेलं नाही.