एका वहीत दोघांचं पोट

अण्णा,

आमच्या घरी आता कुत्रा आहे आणि मला तुम्हाला त्याच्या पोटाविषयी सांगायचं आहे. तुम्ही असतात तर हे वाक्य पुरं व्हायच्या आत उठून गॅलरीत गेला असतात. पण तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, आता उठून जायची सोय नाही, तेव्हा ऐका. कोलशेतच्या ज्या कारखान्यात तुम्ही हयात घालवलीत, तो कधीच पाडला. त्या जागेवर आता उंच इमारती आहेत आणि त्यातल्या एकीत, बाराव्या मजल्यावर, तुमची मुलगी आणि जावई राहतात. कुत्रा तुमच्या नातीचा. कॉलेजात असताना तिने खाली सापडलेलं पिल्लू उचलून आणलं, मग नोकरीला पुण्याला गेली आणि कुत्रा आम्हाला ठेवून गेली. रंग पावाच्या कडेसारखा, एक कान कायमचा दुमडलेला. गेल्या वर्षी त्याचं पोट बिघडलं. दिवसाला सहा-सात वेळा, आणि लिफ्ट येईपर्यंत धीर निघायचा नाही. एकदा लिफ्टसमोरच झालं. मी फडकं आणायला आत गेले, परत येते तो हा भिंतीकडे तोंड करून बसलेला, दोन्ही कान पाडून. ते तोंड मी ओळखत होते.

मी आठ-नऊ वर्षांची आहे. डोंबिवलीची चाळ, सकाळ, गॅलरीच्या टोकाला चार संडास आणि त्यापुढे रांग. तुम्ही टमरेल घेऊन निघालात की शेजारचे काही न बोलता बाजूला होतात. तुम्हाला वाटतं कोणाला काही ठाऊक नाही. घरात आई तुमच्यासाठी वेगळं पातेलं चढवते: मऊ भात, मुगाचं पाणी, सालं काढलेला दुधी. दसऱ्याला कारखान्यात मशिनची पूजा असते म्हणून तुम्ही मला बरोबर नेता. ठाण्याहून बस पकडतो, पण माजिवड्यालाच उतरतो. एका हॉटेलात तुम्ही माझ्यासाठी ब्रेड-बटर आणि स्वतःसाठी चहा मागवता, "इथून हलू नकोस" म्हणता आणि मागच्या बाजूला नाहीसे होता. परत येता तोवर चहावर साय धरलेली असते. तुम्ही त्याला हातही लावत नाही. "अण्णा, चहा राहिला," मी म्हणते. "राहू दे," तुम्ही म्हणता. गल्ल्यावरचा माणूस "उद्या या" म्हणून हात करतो. रोज मागवलेला चहा तसाच टाकून जाणारा माणूस म्हणजे केवढा मोठा माणूस, असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटत होतं.

त्याच वर्षी कल्याणला आत्याचं लग्न झालं. पंगतीत वाढणाऱ्याने जिलेबीचा आग्रह धरला, आणि मी, घरातली सगळी माहिती असलेली शहाणी मुलगी, मोठ्याने म्हणाले, "अण्णांना नका वाढू, त्यांना लगेच पळावं लागतं." अख्खी पंगत हसली. तुम्ही दोन जिलेब्या घेतल्यात आणि शांतपणे संपवल्यात. मग आपण घरी आलो. दारात चपला काढताना म्हणालात, "पोटाचं घराबाहेर बोलायचं नाही. कळलं?" आवाज चढवला नव्हतात. मी "हो" म्हणाले. अण्णा, तो हो मी चांगली त्रेचाळीस वर्षं पाळला.

आणि मग हा कुत्रा आला. वागळे इस्टेटमध्ये एका जुन्या शेडमध्ये कुत्र्या-मांजरांचा दवाखाना आहे, तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला तिथे नेलं. बाहेरच्या बाकांवर माणसं आपापली जनावरं मांडीवर घेऊन बसलेली, आणि बोलत काय होती? पातळ आहे का, शेंबडासारखं काही पडतं का, रंग कसा आहे. शर्ट इन केलेले एक गृहस्थ फोनवरचे फोटो शेजारणीला दाखवत होते. तीही चष्मा लावून नीट बघत होती. मी आधी अंग चोरून बसले. पंधरा मिनिटांत मीही फोन काढला होता. इतकं मोकळं मला कुठल्या हळदीकुंकवाला वाटलं नव्हतं.

डॉक्टर म्हणजे तुमच्या नातीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी मुलगी. तिने रक्त तपासलं, सोनोग्राफी केली आणि सांगितलं की आतड्याला सूज आहे, हळूहळू उतरेल. "काकू, आता फक्त भात आणि उकडलेला मासा. बाकी काही म्हणजे काही नाही. आणि एक वही करा. किती वेळा, कसं, कधी, सगळं लिहायचं." पहिले दोन आठवडे काही फरक पडेना, तेव्हा कळलं की तुमचे जावई त्याला पेपर वाचता वाचता बिस्किटं चारत होते. तेही मी वहीत लिहिलं, तारखेसकट.

आता जे सांगायचं ते. त्या वहीत मी माझंही लिहीत होते. मला दीड वर्षापासून त्रास होता, अण्णा. सकाळी तीनदा-चारदा, कळ येऊन, आणि अधूनमधून रक्त. घरात कोणाला माहीत नव्हतं. स्वतःसाठी वेगळी वही केली असती तर मला काहीतरी झालंय हे कबूल करावं लागलं असतं, म्हणून त्याच्याच पानावर, त्याचं पेनने आणि माझं पेन्सिलने, दवाखान्यात नेण्याआधी खोडता येईल असं. एका मंगळवारी पेन्सिल सापडली नाही, म्हणून माझंही पेननेच लिहिलं. पुढच्या भेटीला डॉक्टर वही वाचत होती आणि मध्येच थांबली.

"काकू, मंगळवारी रक्त पडलंय आणि तुम्ही फोन नाही केलात?"

"ते त्याचं नाही."

"मग कोणाचं?"

मी कुत्र्याकडे बघितलं. तो दाराकडे बघत होता. "माझं," मी म्हणाले.

तिने पेन खाली ठेवलं. "कधीपासून?"

"दीडेक वर्ष."

"याला तिसऱ्या दिवशी घेऊन आलात ना तुम्ही?" तिने वही मिटली. "काकू, तुम्ही कुत्रा असतात ना, तर मी तुमच्या मालकाला सॉलिड झापलं असतं." मग तिने आपल्याच चिठ्ठीवर, वर पंजाचं चित्र असलेल्या, माणसांच्या पोटाच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. "याच्या पुढच्या गोळ्या तुमचा रिपोर्ट बघून देणार." थट्टेत म्हणाली असेल, पण मी खरंच घाबरले. कुत्र्याच्या गोळ्या अडल्या तर कसं होणार?

घरी हे मासा उकडत उभे होते. ओट्याशीच सांगून टाकलं. "अगं, मला वाटायचं तू आत फोन बघत बसतेस," म्हणाले, आणि गॅस बंद केला. मग म्हणाले, "उद्याच जाऊ." तेव्हा दोघांच्याही मनात एकच शब्द होता आणि तो आम्ही तपासण्या संपेपर्यंत उच्चारला नाही.

चिठ्ठीवरच्या त्या मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "घरात कोणाला असा त्रास होता?" मी तोंड उघडलं आणि क्षणभर तुमच्या चपलांचा आवाज आला. मग मी म्हणाले, "वडिलांना. तीस वर्षं." आणि सुरू झाल्यावर थांबलेच नाही. टमरेल, माजिवड्याचा चहा, जिलेबी, वेगळं पातेलं, सगळं. त्यांनी टाइप करायचं सोडून ऐकलं. "कधी दाखवलं नाही त्यांनी?" "नाही. त्यांना ते बोलायचंच नव्हतं." "अहो, तेव्हा दुर्बीण लावून बघणंही एवढं सोपं नव्हतं," ते म्हणाले. तुमची बाजू घेतली त्यांनी. मला बरं वाटलं.

दुर्बिणीच्या तपासणीआधी पोट साफ करायला मोठा जग भरून खारट पाणी प्यावं लागतं. ती संध्याकाळ मी आत काढली आणि कुत्रा बाथरूमच्या दाराबाहेर आडवा पडून होता. मी बाहेर आले की तो उठून मला खोलीपर्यंत पोचवायचा, परत गेले की परत दाराशी. त्याला त्यातलं सगळं कळत असावं. मग आतड्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता, त्याच्या रिपोर्टची चार दिवस वाट बघितली. त्या चार दिवसांत ह्यांनी कधी नव्हे ती घरातली सगळी कपाटं आवरली. रिपोर्टमध्ये गाठ वगैरे काही नव्हतं. मोठ्या आतड्याला सूज, जुनी, पण औषधाने आटोक्यात राहणारी. गोळ्या बहुतेक कायमच्या, आणि अधूनमधून तपासणी. बाहेर आल्यावर ह्यांनी रस्त्यातच नाक शिंकरलं आणि दोष धुळीला दिला.

पहिले काही आठवडे मलाही मऊ भात आणि उकडलेला मासा सांगितला होता. एकाच पातेल्यात शिजायचं, माझ्या वाट्याला वरून मीठ. आता तो दिवसाला दोनदा जातो, मी एकदा-दोनदा, आणि दोघांचंही वजन वाढलंय. इमारतीत माझं नाव झालं आहे. कुत्र्यांचं काही बिघडलं की लोक मला विचारायला येतात. परवा तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ त्यांच्या चपट्या नाकाच्या पग कुत्र्याला घेऊन बागेत आले आणि त्याचं पोट बरं नाही म्हणाले. किती वेळा, कसं, कधीपासून, मी सगळं विचारलं. दहा मिनिटांनी लक्षात आलं की पग ठणठणीत आहे. मी नाव तेवढं माणसांच्या डॉक्टरांचं दिलं. गेले असावेत. काल लांबून हात केला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ठाऊक आहे. पण एक गोष्ट ह्यांनाही सांगितलेली नाही, ती लिहून थांबते. लहानपणापासून सगळे म्हणायचे, मुलगी अगदी आईवर गेलीय. नाक आईचं, रंग आईचा, चालणंसुद्धा. तुम्ही हसायचात, पण चेहरा जरासा पडायचा. मोठे डॉक्टर रिपोर्ट मिटताना म्हणाले, "हे वडिलांकडून आलेलं असू शकतं." मी विचारलं, "म्हणजे हे नक्की त्यांचंच ना?" त्यांना वाटलं मी घाबरलेय. त्यांनी मला पाणी दिलं. मी घाबरले नव्हते, अण्णा. मला आनंद झाला होता.