तोंड मालकानेच उघडायचं

अण्णा, आज शेवटचा फोन झाला आणि प्रदर्शनामुळे एकही जनावर आजारी पडलेलं नाही. एकही नाही! प्रदर्शनाला दोन आठवडे झाले. तेव्हापासून मी तिथे आलेल्या प्रत्येक मालकाला, दारातून परत पाठवलेल्यांनासुद्धा, फोन करून ताप, नाक, तोंड, चारापाणी विचारत होते. आज अल् घुब्राच्या आमच्या फ्लॅटमध्ये ओट्यापाशी उभी राहून यादीतल्या शेवटच्या नावापुढे खूण केली आणि चक्क टाळी वाजवली. लेकीने कानातला हेडफोन काढला. "आई, काय झालं? कोण जिंकलं?" म्हटलं, "कुणीच आजारी पडलं नाही." "बस, एवढंच?" म्हणून हेडफोन परत कानात. यात टाळी वाजवण्यासारखं काय आहे हे कळणारा माणूस एकच, तुम्ही, आणि तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. म्हणून लिहायला बसले.

इथे ओमानमध्ये शेळ्या-बोकडांची सौंदर्यस्पर्धा असते, हे तुम्हाला ऐकून हसू येईल. लांब केस विंचरलेले, गळ्यात रंगीत गोंडे, आणि मालकांचे चेहरे तर लग्नघरातल्यासारखे. अझैबाच्या ज्या दवाखान्यात मी जनावरांची डॉक्टर आहे, त्याचे मालक, म्हणजे आमचे अर्बाब, यंदा आयोजकांत होते आणि रोगतपासणी त्यांनी माझ्यावर सोपवली. डोंगराखालच्या एका मैदानात गावोगावची जनावरं दिवसभर एकत्र येतात आणि संध्याकाळी प्रत्येक पिकअप आपापल्या गावाला जाते. एकीला साथीचा रोग असला तर तो घरोघर पोचलाच. त्यात इथली रीत अशी, की दुसऱ्याची शेळी आवडली तर तिचे कान कुरवाळायचे, ओठ वर करून दात बघायचे, हाताने खजूर भरवायचा, आणि त्याच ओल्या हाताने पुढच्या शेळीकडे जायचं. हे सगळं प्रेमाने आणि अदबीने चालतं. माणसांना प्रेम करू नका असं कसं सांगायचं, या विचाराने मी आठवडाभर हैराण होते. आणि मग मला गूळ आठवला.

मी नऊ वर्षांची आहे. तालुक्याच्या जनावरांच्या प्रदर्शनात तुम्ही खाकी झोळी अडकवून बैल तपासताय, आणि मी फ्रॉकच्या खिशातला गूळ एकेका बैलाला भरवत, तळहात चाटू देत रांगेच्या टोकाला पोचले आहे. सगळ्या गावासमोर तुम्ही ओरडता, "ए पोरी! गूळ नाही वाटलास, लाळ वाटलीस!" लाल पोटॅशच्या बादलीत तुम्ही माझे हात इतका वेळ बुडवून ठेवले, की चार दिवस तळवे तपकिरी राहिले. शाळेत मी ते पाठीमागे लपवायची. तो राग मी फार वर्षं जपला. पण त्याच दिवशी मी हेही पाहिलं होतं, की तुम्ही स्वतः एकाही बैलाच्या तोंडाला हात लावत नव्हता. "तोंड मालकानेच उघडायचं, आपण बघायचं." आणि सायकलवरून परतताना तुम्ही मला, नऊ वर्षांच्या मुलीला, हाताखालच्या माणसासारखं विचारलं होतंत, "सगळ्यांना एकच माप लावलं ना आपण?"

तर इथे मी तोच नियम लावला. तोंड मालकानेच उघडायचं. प्रत्येकाची बादली वेगळी, दावं वेगळं, खजूर ज्याने त्याने आपल्याच शेळीला द्यायचा. लोकांना हे इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं! आपल्या जनावराला दुसऱ्याने हात लावायचा नाही, यात मालकांना मानच वाटला. परीक्षक म्हातारबुवा हात पाठीमागे बांधून रांगेतून फिरत होते, वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखे. दारात आधी ताप, मग तोंड; ताप असला तर आत प्रवेश नाही. सकाळी सगळ्यांत आधी डोंगरावरच्या गावातले एक आजोबा एकुलती एक शेळी घेऊन आले. तिला ताप निघाला. "ऊन लागलंय तिला गाडीत," ते म्हणाले. मी नकारार्थी मान हलवली, नियम सांगितला. "इन्शाल्ला, पुढच्या वर्षी," म्हणून ते शेळीच्या गळ्यातला गोंडा सोडत परत फिरले. मला तेव्हा स्वतःचा थोडा अभिमानच वाटला.

तासाभराने अर्बाबांचा बोकड आला. यंदाचा पहिला नंबर त्याचाच, असं सगळेच म्हणत होते. "यल्ला डॉक्टर, गेट खोलो, ये तो मेरा है," अर्बाब हसत म्हणाले. थर्मामीटरचा आकडा तापाचाच निघाला. "गाड़ी में गर्मी था," ते म्हणाले. प्रवासाने आणि उन्हाने ताप चढतो हे खरंच आहे. मी बोकडाला अर्धा तास सावलीत बांधायला लावलं, पुन्हा मोजला, मग आणखी एकदा मोजला. आकडा उतरेना. शेवटी म्हटलं, "अर्बाब, तोंड तुम्ही उघडा." त्यांनी स्वतःच्या बोटांनी ओठ वर केला. आत लालसर फोड होते. "खलास," ते म्हणाले, आणि दावं स्वतः फिरवलं. मी पोटॅशची बादली पुढे केली. त्यांनी हात बुडवले, आणि अण्णा, त्यांचे तळवे तपकिरी होताना बघून मला इतकं हसू येत होतं! माझा मदतनीस, मालवणकडचा, कानाशी कुजबुजला, "मॅडम, अर्बाबाचो बोकड परत धाडलात? आता आपणा दोघांची रवानगी दुक्माक. थंय वाळवंटात उंट मोजूचे." पण दुसऱ्या दिवशी अर्बाबांनी सगळ्या दवाखान्यासमोर तळवे दाखवले. "देखो, डॉक्टर ने मेरा भी हाथ धुलाया!"

आजचा शेवटचा फोन त्या डोंगरावरच्या आजोबांना होता. माझ्या मोडक्या अरबीत मी विचारलं, शेळी कशी आहे, ताप कधी उतरला? "त्याच दिवशी," ते म्हणाले. "घरी पोचून सावलीत बांधली, पाणी पाजलं, आणि उतरला. ऊनच होतं ते, बाई." आवाजात तक्रार नव्हती. तोंडात काही नाही, खाते-पिते. मी खूण केली. टाळी वाजवली ती त्यानंतर.

हे वहीतच राहील. तुम्ही असतात तर मी फोनवर अर्बाबांच्या तळव्यांपर्यंतच सांगितलं असतं, आणि तुम्ही खूश होऊन तेच विचारलं असतंत, सगळ्यांना एकच माप लावलं ना? नाही, अण्णा. आजोबांच्या शेळीला मी अर्धा तास सावली दिली नाही; तिचं तोंडसुद्धा उघडायला सांगितलं नव्हतं.